बीजोत्पादकांचे सोबती

बुलढाणा जिल्ह्यात, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ देऊळगाव राजा हे गाव वसले आहे. येथील बालाजी मंदिराची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. या भागात पाऊस बेताचा आणि लहरी. कोरडवाहू शेतीवर संसार चालविणे शेतकऱ्याला नेहमीच अवघड जात असे. आज मात्र येथील शिवारांत जागोजागी जाळीची घरे दिसतात. त्यांना ‘शेडनेट’ म्हणतात. त्यांत टोमॅटो, मिरची, वांगी ही पिके घेतली जातात. पण ती भाजीसाठी नव्हेत, तर संकरित बियाण्यांसाठी!

या उद्योगाला शेजारच्या जालना शहराचा आधार लाभला. तेथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे जालना हे बियाण्यांचे मोठे केंद्र बनले. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

संकरित बियाणे तयार करणे हे मोठे नाजूक काम आहे. टोमॅटोचेच उदाहरण घ्या. मादी वाणाची कळी उमलण्यापूर्वीच तिच्यातील पुंकेसर चिमट्याने अलगद काढून टाकावे लागतात. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, नर वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावतात. एकेका कळीसाठी हे सारे हातांनी करावे लागते. या कामात स्त्रियांचे कौशल्य विशेष उपयोगी पडते.

एखाद्या कळीतील पुंकेसर वेळेवर काढले नाहीत, तर ती स्वतःच्याच परागाने फळते आणि बियाण्यात भेसळ होते. तयार बियाण्याचा नमुना पेरून त्याची शुद्धता तपासतात. भेसळ मर्यादेपेक्षा अधिक आढळली, की ते सारे बियाणे नाकारले जाते. महिनोन्‌महिन्यांचे कष्ट आणि खर्च वाया जातो.

म्हणूनच शेतकऱ्याला जाणत्या सल्लागाराची गरज भासते. कंपन्यांचे प्रतिनिधी शेडनेटमध्ये येऊन कळी कशी निवडावी, हे प्रत्यक्ष करून दाखवितात. शेडनेट उभारण्यास शासकीय योजनांतून अनुदान मिळत आले आहे. १९६९ साली अकोल्यास स्थापन झालेले कृषी विद्यापीठ विदर्भातील शेतीसाठी संशोधन करते. जालन्याजवळ खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात शेतकरी व तज्ज्ञ चर्चासत्रांसाठी एकत्र येतात. तेथे शेतकरी केवळ ऐकत नाही. आपल्या अडचणीही सांगतो. कोणत्या उन्हात फुले गळली, कोणती कीड प्रथम दिसली, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्याच्या अनुभवातूनच संशोधकाला नवे प्रश्न मिळतात.

नवे तंत्र केवळ पुस्तकात लिहून शेतात पोहोचत नाही. ते हाताला धरून शिकवावे लागते, चुकले तेथे वेळीच सुधारावे लागते आणि पिकलेल्या मालाला खात्रीचा ग्राहकही मिळवून द्यावा लागतो. ज्ञान, साहाय्य आणि परिश्रम यांची जेथे सांगड पडते, तेथे बेताच्या पावसाची भूमीही इतरांच्या शेतांना बियाणे पुरवू शकते.