खवटपणाशी झुंजणारी संयुगे

प्रस्तावना

दिवाळीसाठी केलेला चिवडा बरेच दिवस डब्यात राहिला की त्याला उग्र वास येऊ लागतो. 'फराळ खवट झाला' असे आपण म्हणतो. पदार्थ खवट का होतो, तो टिकवण्यासाठी माणसाने वनस्पतींकडून काय घेतले आणि प्रयोगशाळेत त्यात कोणती भर घातली, हे या पाठात पाहू. 'नैसर्गिक ते निर्धोक, कृत्रिम ते घातक' ही समजूत कितपत खरी आहे, हेही पडताळून पाहू.

खवटपणा का येतो?

तेलातुपातील स्निग्ध घटकांवर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होते. उष्णता व प्रकाश यांमुळे तिचा वेग वाढतो. या क्रियेत 'मुक्त मूलक' नावाचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात. त्यांच्यातील एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. जोडी पूर्ण करण्यासाठी मूलक शेजारच्या रेणूतील हायड्रोजनचा अणू ओढून घेतो. ज्याचा अणू गेला तो रेणू स्वतःच मूलक बनतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. अशी साखळी सुरू राहते व अखेरीस उग्र वासाची द्रव्ये निर्माण होतात. ही साखळी तोडणाऱ्या पदार्थाला 'प्रतिऑक्सिडीकारक' म्हणतात.

वनस्पतींचे देणे

ऊन, कीड व बुरशी यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी वनस्पती अनेक द्रव्ये तयार करतात. फिनॉलिक संयुगे हा त्यांतील एक मोठा वर्ग होय. यांच्या रेणूत सहा कार्बन अणूंचे कडे असते आणि त्याला ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एक गट जोडलेला असतो. या गटातील हायड्रोजन ही संयुगे मूलकाला सहज देऊन टाकतात. दान केल्यावर ती स्वतः मूलक बनतात खरी. परंतु उरलेला एकटा इलेक्ट्रॉन संपूर्ण कड्यावर विभागला जातो. त्यामुळे नवा मूलक शांत राहतो आणि साखळी तेथेच थांबते.

लवंगेतील युजेनॉल, हळदीतील कर्क्युमिन, चहाच्या पानांतील कॅटेचिने, आवळा व हिरडा यांतील गॅलिक आम्ल ही या वर्गातील परिचित उदाहरणे. तिळाचे तेल इतर अनेक तेलांपेक्षा अधिक काळ टिकते, त्यामागे त्यातील सेसॅमॉलसारख्या संयुगांचा मोठा वाटा आहे. लोणी कढवताना त्यात विड्याचे पान टाकण्याची रीत अनेक मराठी घरांत आहे. या पानातही फिनॉलिक संयुगे असतात. रसायनशास्त्राचे नाव ठाऊक नसतानाही अनुभवाने शोधलेला हा उपाय आहे.

प्रयोगशाळेतील रूपे

निसर्गातील रेणू प्रत्येक कामाला जसाच्या तसा उपयोगी पडतो असे नाही. गॅलिक आम्ल तेलात फारसे विरघळत नाही. म्हणून त्याला प्रोपिल अल्कोहोलची जोड देऊन 'प्रोपिल गॅलेट' तयार केले गेले. 'बीएचटी' या कृत्रिम संयुगात हायड्रोजन देणाऱ्या गटाच्या दोन्ही बाजूंना कार्बन अणूंचे भरघोस गट बसवलेले असतात. ते पहारेकऱ्यांप्रमाणे आड येतात व दान केलेल्या रेणूला नवी अभिक्रिया करू देत नाहीत. उष्णतेत टिकणारे 'टीबीएचक्यू' खाद्यतेलांत वापरले जाते.

नैसर्गिक की कृत्रिम?

लवंगेतून काढलेले युजेनॉल व प्रयोगशाळेत बनवलेले युजेनॉल यांच्या रेणूंत फरक नसतो. म्हणून उगमापेक्षा रचना व मात्रा यांचा विचार महत्त्वाचा. १९८०च्या दशकात जपानमधील प्रयोगांत 'बीएचए' हे कृत्रिम संयुग मोठ्या मात्रेत दिल्यावर उंदरांच्या जठराच्या पुढच्या भागात गाठी आढळल्या. माणसाच्या जठराला तसा भाग नसतो. तरीही मात्रेवर बंधन हवे, हा बोध स्पष्ट आहे. भारतातही अशा पदार्थांच्या वापराला कायद्याने मर्यादा आहे. खाद्यतेलात टीबीएचक्यूचे प्रमाण किलोग्रॅममागे २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही.

दुसरीकडे, वनस्पतींत आढळणारे द्रव्य गोळीच्या रूपाने घेतले की हितकारकच ठरेल, असेही नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. फिनॉलिक रचना असलेल्या ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. बीटा-कॅरोटीन हा वेगळ्या वर्गातील प्रतिऑक्सिडीकारक घेणाऱ्यांत तर त्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. तेलाच्या बाटलीत दिसणारा गुण शरीरात तसाच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही. जाहिरातीतील 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द वाचून औषधासारख्या गोळ्या विकत घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

वेष्टन वाचा

खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर आयएनएस क्रमांक छापलेले असतात. ३०७ म्हणजे टोकोफेरॉल अर्थात ई जीवनसत्त्व, ३१० म्हणजे प्रोपिल गॅलेट, ३१९ म्हणजे टीबीएचक्यू, ३२० म्हणजे बीएचए आणि ३२१ म्हणजे बीएचटी. क्रमांक दिसला म्हणून घाबरू नये. तो कशाचा आहे, हे जाणून घ्यावे.

स्वाध्याय

१. मुक्त मूलकांची साखळी कशी सुरू होते व फिनॉलिक संयुगे ती कशी थांबवतात?
२. गॅलिक आम्लापासून प्रोपिल गॅलेट का तयार केले गेले?
३. 'नैसर्गिक ते निर्धोक, कृत्रिम ते घातक' या समजुतीविषयी पाठाच्या आधारे तुमचे मत लिहा.
४. घरातील तीन खाद्यपदार्थांची वेष्टने वाचून त्यांवरील प्रतिऑक्सिडीकारकांची नोंद करा.