तारीख कळेना, दोष कॅलेंडरचा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. उडालेली छपरं, आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा आणि पडलेले विजेचे खांब यांचे पंचनामे झाले. भिजून बंद पडलेल्या संगणकांकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचं कार्यालय असंच उघडं पडलं. बोटींची नोंद, डिझेलचं वाटप, डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराच्या परताव्याची यादी, सगळं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या एकाच फायलीत होतं. तिची प्रत सचिवांच्या पेनड्राइव्हवर होती, म्हणून ती वाचली.

वीज आली, नवा संगणक आला, त्यावर नवं ६४-बिट ऑफिस बसलं. फाइल उघडली, टेबलांमधल्या नोंदी जागच्या जागी दिसल्या. पण डिझेल-वाटपाचा फॉर्म उघडताच पडद्यावर एरर आली: ‘कॅन्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’. कोडमधला ठळक झालेला शब्द होता ‘डेट’, म्हणजे आजची तारीख देणारं साधं फंक्शन. रिपोर्टवर तारखेच्या जागी ‘#नेम?’ छापून येऊ लागलं.

पुढे जे झालं ते बहुतेक कार्यालयांत होतं. कुणी संगणकाचं घड्याळ तपासलं, कुणी विंडोजमधली तारखेची मांडणी बदलली, कुणी ऑफिस काढून पुन्हा टाकलं. शेवटी फाइलच बिघडली असं ठरलं आणि लेखनिक बाईंनी रजिस्टरवरून सगळ्या बोटींच्या नोंदी नव्याने भरायला घेतल्या. ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू होण्याआधी यादी तयार हवी होती, त्यामुळे त्यांची घाई समजण्यासारखी आहे. पण त्या मेहनतीची काहीच गरज नव्हती. नोंदी शाबूत होत्या, तारखेचं फंक्शनही शाबूत होतं. हरवलं होतं ते तिसरंच.

ॲक्सेसमधला कोड स्वतःच्या बळावर सगळं करत नाही. एक्सेलला यादी पाठवायची, फॉर्मवर कॅलेंडर दाखवायचं, तर तो संगणकावरच्या इतर लायब्रऱ्यांची मदत घेतो. त्यांची यादी फायलीत साठवलेली असते. तिला रेफरन्सेस म्हणतात. कोडमध्ये एखादं नाव आलं की ते कुठल्या लायब्ररीतलं आहे, हे या यादीच्या क्रमाने शोधलं जातं. पोस्टमन पत्ता शोधत वाड्या पालथ्या घालतो तसंच हे. एका वाडीचा रस्ता खचलेला असला, की तो पुढच्या वाडीकडे न जाता पत्र घेऊन परत फिरतो. म्हणून दोष एकीकडे आणि बोंब दुसरीकडे. तारीख, शब्दाची पहिली अक्षरं काढणारं ‘लेफ्ट’, मोकळ्या जागा छाटणारं ‘ट्रिम’ ही रोजची फंक्शनं आधी अडतात. माझ्या मते या दुखण्यातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच, कारण माणूस ठळक झालेल्या शब्दावरच घाव घालत बसतो.

करायचं काय? आधी फायलीची प्रत काढायची आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करायचं. शिफ्ट दाबून धरून फाइल उघडायची, म्हणजे सुरुवातीचा फॉर्म आपोआप चालू होत नाही. ऑल्ट आणि एफ ११ दाबून कोडची खिडकी उघडायची आणि ‘टूल्स’मधून ‘रेफरन्सेस’ निवडायचं. तो पर्याय फिकट दिसत असेल तर कोड मध्येच थांबलेला आहे. ‘रीसेट’ केलं की तो उघडतो. यादीत एखाद्या ओळीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेलं सापडेल. ती ओळ आणि खाली दिसणारा फायलीचा मार्ग कागदावर उतरवून घ्यायचा, आणि मगच टिक काढायची. लगेच ‘डीबग’मधून कंपाइल करायचं. काही तक्रार आली नाही आणि फॉर्मही नीट उघडले, तर ती लायब्ररी कुणी वापरतच नव्हतं. कोड अडलाच, तर या वेळी ठळक झालेला शब्द खरा गुन्हेगार दाखवतो.

त्या संस्थेच्या यादीत ‘मिसिंग’ होतं एमएसकॅल.ओसीएक्स, म्हणजे जुनं कॅलेंडर कंट्रोल. ॲक्सेस २०१०पासून मायक्रोसॉफ्टने ते देणंच बंद केलं. ते शोधत फिरण्यात अर्थ नाही. ॲक्सेस २००७पासून तारखेच्या साध्या रकान्यालाच तारीख निवडायची सोय आहे. फॉर्मवरून जुनं कॅलेंडर काढलं, त्याला चिकटलेला थोडा कोड पुसला, रेफरन्सची टिक काढली आणि आजची तारीख परत आली.

इथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. हरवलेली ओसीएक्स फाइल कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवून विंडोजच्या रेगएसव्हीआर३२ या आज्ञेने नोंदवायचा सल्ला सर्रास दिला जातो. ६४-बिट ऑफिसमध्ये ३२-बिट कंट्रोल चालतच नाही, कितीही वेळा नोंदवा. शिवाय जुन्या कंट्रोलमध्ये गंभीर भगदाडं असतात. एमएसकॉमसीटीएल.ओसीएक्समधल्या अशा भगदाडामुळे मायक्रोसॉफ्टला २०१२मध्ये दोनदा सुरक्षा-दुरुस्ती द्यावी लागली, आणि त्यानंतर ठिकठिकाणी चालत्या फायली अडल्या. म्हणजे संगणक बदलला नाही तरी एखाद्या अपडेटनंतर हा प्रकार उद्भवू शकतो.

दुसरं संकट उलट दिशेने येतं. दुरुस्त झालेली फाइल संस्थेच्या एका संचालकांनी आपल्या लॅपटॉपवर नेली. त्यावर ऑफिस २००७. तिथे तीच एरर पुन्हा, आता एक्सेलच्या लायब्ररीसाठी. ऑफिस २००७ची एक्सेल लायब्ररी १२.०, २०१०ची १४.०, २०१३ची १५.०, आणि २०१६पासून पुढे १६.०. नव्या संगणकावर ॲक्सेस हा आकडा आपणहून वर चढवतं. जुन्या संगणकावर खाली उतरवत नाही. वेगवेगळी ऑफिसं असलेल्या कार्यालयात फाइल सगळ्यात जुन्या संगणकावर दुरुस्त करावी.

त्याहून पक्का उपाय म्हणजे एक्सेलचा रेफरन्स ठेवायचाच नाही. ‘एक्सेल.ॲप्लिकेशन’ असं घोषित करण्याऐवजी नुसतं ‘ऑब्जेक्ट’ म्हणायचं आणि गरज पडेल तेव्हा ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने एक्सेल जागं करायचं. मग आकडा कोणताही असो, चालतं. मात्र एक्सेलची स्वतःची स्थिरमूल्यं आता कोडला ओळखू येत नाहीत. शेवटची भरलेली ओळ शोधणारं ‘एक्सएलअप’ म्हणजे उणे ४१६२, हे आपणच लिहावं लागतं. मॉड्यूलच्या डोक्यावर ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ नसेल तर न ओळखलेलं नाव गुपचूप रिकामं धरलं जातं आणि यादी चुकीची जाते. परताव्याच्या यादीत असं होणं म्हणजे नाखव्यांच्या हक्काच्या पैशांत घोळ. तिथे एरर आलेली परवडली.

रेफरन्सेसच्या यादीचा क्रमही बघावा. टेबलांमधल्या नोंदी हाताळणाऱ्या डीएओ आणि एडीओ या दोन्ही लायब्रऱ्यांत ‘रेकॉर्डसेट’ आहे आणि नुसतं ‘रेकॉर्डसेट’ लिहिलं तर वरची जिंकते. ‘डीएओ.रेकॉर्डसेट’ असं पूर्ण नाव लिहिलं की वाद उरत नाही.

प्रोग्रॅम बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या संस्थांनी आणखी एक गोष्ट पाहावी. हातात आलेली फाइल एसीसीडीई असेल तर तिच्यातला कोड बंद असतो आणि वरचा एकही उपाय करता येत नाही. मूळ एसीसीडीबी फाइल संस्थेला द्यायची, अशी अट कामाच्या करारातच घालून घ्यावी. ती फाइल आणि रेफरन्सेसच्या यादीची छापील प्रत किनाऱ्यापासून दूर, दुसऱ्या गावात ठेवावी.