जुन्या गाडीची किक : सुटे भाग कसे शोधावेत, कसे बसवून घ्यावेत



ऊसविकास विभागाच्या पानावर मोटारसायकलचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. परंतु मुरबाड, टोकावडे, सरळगाव, धसई या बाजूला हिंडताना लागवडीइतकीच गाडीची विचारपूस होते. येझदी, राजदूत, बुलेट, आर.एक्स. १०० या गाड्या आपल्याकडे अजून शेताच्या वाटेला चालतात. कच्चा रस्ता, चिखल, माळशेजचा चढ या सगळ्याला त्या पुरून उरतात. पण त्यांना बटण नाही. किक गेली की गाडी ओट्यावर उभी, आणि रात्री घरात कुणी आजारी पडले तर धक्का मारायला माणसे गोळा करावी लागतात.

या गाड्यांचे कारखाने आता ते भाग बनवीत नाहीत. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ साली बंद पडली. आर.एक्स. १०० सुद्धा १९८५ ते १९९६ एवढीच निघाली. २०१८ साली जावा नाव परत आले आणि २०२२ साली येझदी, पण ती इंजिने सर्वस्वी वेगळी, फोर-स्ट्रोक आणि बटणावर चालणारी. जुन्या येझदीला त्यांचा एकही किकचा भाग चालत नाही. तेव्हा केवळ नाव पाहून माल घेऊ नये.

प्रथम दोष कुठे आहे ते ओळखावे. दांडी शाफ्टवर गरकन फिरते आणि शाफ्ट जागचा हलत नाही, तर दांडीच्या आतले दाते झिजले. शाफ्ट फिरतो पण इंजिन फिरत नाही, मध्येच कर्रर्र आवाज येतो, तर आतला दात्यांचा सेगमेंट किंवा रॅचेट गेला. किक खाली जाते आणि वर येत नाही, तर स्प्रिंग तुटली. बुलेटमध्ये कुत्रा (पॉल) आणि त्यामागची बारीक स्प्रिंग पाहावी. आर.एक्स.मध्ये किक गिअरवरची तारेची क्लिप ढिली झाली तरी किक घसरते. क्लिप स्वस्त, पण तिच्यासाठी लोक अख्खा शाफ्ट बदलतात.

दांडीचे दाते झिजण्याचे कारण बहुतेक वेळा एकच, बोल्ट ढिला. दाते गेले की काहीजण दांडी सरळ शाफ्टला वेल्डिंग करून टाकतात. हा उपाय म्हणजे म्हशीच्या गळ्यातला दोर कापायला विळा न घेता कुऱ्हाड घेणे. वेल्डिंगच्या उष्णतेने ऑइल सील जळते, शाफ्टचे पाणी उतरते, आणि पुढे क्लचचे झाकण उघडायचे झाले तर दांडी कापावी लागते. येझदी-जावात तर नुकसान दुप्पट. तिथे किकची दांडी हीच गिअरची दांडी. ती आत दाबून वर फिरवली की किक होते, सोडली की गिअर. वेल्ड केली तर गिअर टाकायचे कशाने? डब्याच्या पत्र्याची पट्टी दात्यांत घालून घर गाठणे ठीक आहे, पण ती पट्टी कायमची समजू नये.

नवी दांडी आणायला जाताना जुनी सोबत न्यावीच. शाफ्ट इंजिनातच असेल तर खडूने एका दात्यावर खूण करून दाते मोजावेत, व्हर्नियरने बाहेरचा व्यास घ्यावा, आणि ओल्या साबणाच्या वडीवर शाफ्टचे टोक दाबून ठसा घ्यावा. दात्यांत एकाचा फरक असला तरी दांडी अर्धी आत जाते, आणि हातोड्याने ठोकली की भेगाळते. बोल्टच्या आट्यांचेही पाहावे. जावाचे मूळ चेकोस्लोव्हाकियाचे, तिचे आटे मिलिमीटरचे. बुलेटचे मूळ इंग्लंडचे, तिथे इंची आटे भेटतात. जबरदस्तीने पिळलेला बोल्ट पहिल्या पावसाळ्यात सुटतो.

पाहिजे तशी दांडी मिळालीच नाही तर जुळवून घ्यावी. दुसऱ्या गाडीच्या दांडीचा दातेवाला गोळा कापावा व आपल्या दांडीला जोडावा. जोडण्याच्या दोन्ही कडा तिरप्या घासाव्यात, क्रोमचा मुलामा आधी पुरता काढावा, कारण त्याचा धूर छातीला वाईट. दांडी गरम करून कोरड्या रॉडने वेल्ड करावी आणि राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावी. पाण्यात बुडवली तर फाळासारखी कडक होईल आणि फाळासारखीच तुटेल. बसवल्यावर पायटा व सायलेन्सरला लागत नाही ना, ते हाताने फिरवून पाहावे.

सेगमेंटच्या बाबतीत मात्र जुळवाजुळव नको. पहिला दात सर्वांत आधी भिडतो, म्हणून तोच आधी झिजतो. त्यावर वेल्डिंगचा थर देऊन कानशीने दात काढणारे कारागीर आहेत. तो तुकडा सुटला तर गिअरमध्ये जाऊन गिअरबॉक्स फोडतो. बाजारात नकली सेगमेंट मिळतात. दिसायला चकचकीत, पण मऊ पोलादाचे. दुकानातच कानशीचा कोपरा दात्याच्या कडेला हलकेच फिरवावा. कानस घसरली तर दात कडक आहे. कानशीने चरा पाडला तर माल परत द्यावा. सेगमेंट बदलला तर त्याचा जोडीदार रॅचेटही पाहावा. झिजलेला एक दात नव्या दात्यालाही खातो.

स्प्रिंगचे तसे नाही. तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि वेढ्यांची दिशा, ही तीन जुळली तर स्प्रिंगची तार आणून लेथवाल्याकडून वळवून घेता येते. टोकाचा आकडा लाल करून वाकवू नये, तिथेच तुटतो. ऑइल सीलवर तीन आकडे छापलेले असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेच आकडे पंपाच्या किंवा बेअरिंगच्या दुकानात सांगितले तर गाडीचे नाव न सांगताही सील मिळते.

माल कुठे मिळतो? आपल्याला आधी कल्याण, तिथे नसेल तर पुण्याची नाना पेठ. मुंबईच्या चोरबाजारात जुने अस्सल भाग भेटतात. बुलेटसाठी दिल्लीचे करोलबाग सर्वश्रुत आहे. भंगारातून घ्यायचे तर गाडीच्या कागदांची चौकशी करावी आणि पावती लिहून घ्यावी. पावती देत नसेल तो माल घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

एक गोष्ट भाग बसवण्याआधीची. किक उलटी फेकत असेल, पायाला धक्का देत असेल, तर दोष किकचा नसून टायमिंगचा असतो. पॉइंट लवकर उघडतात आणि पिस्टन वर येण्याआधीच पेट होतो. टायमिंग न सुधारता नवा सेगमेंट घातला तर तोही दोन महिन्यांत जाईल, आणि पोटरीला मार बसेल तो वेगळा. बुलेटवाल्यांनी अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डिकॉम्प्रेसरने पिस्टन थोडा पुढे सरकवूनच किक मारावी. चप्पल घालून किक मारू नये.

भाग बसवून झाल्यावर स्पार्क प्लग काढून दहा-बारा वेळा हाताने दांडी दाबावी. शाफ्ट प्रत्येक वेळी आपसूक वर आला, दाते कुठे अडले नाहीत, म्हणजे मग प्लग लावून पायाने मारावी. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर दांडीचा बोल्ट पुन्हा आवळावा. उतरवलेला जुना भाग फेकू नका. तेल लावून डब्यात ठेवा, लेथवाल्याला नमुना म्हणून तोच लागणार आहे.