दोन माईक आणि हरवलेली ढोलकी

गेल्या स्नेहसंमेलनात लावणीच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी माझ्यावर आली. ढोलकीला एक माईक पुरला असता. पण हौसेला मोल नसते. मी दोन्ही तोंडांशी एकेक माईक लावला. घरी संगणकावर डाव्या माईकचा आवाज एकटा ऐकला, तर ढोलकी छातीत घुमत होती. उजवाही झकास. दोन्ही एकत्र लावले मात्र, आणि पत्र्याचा डबा वाजू लागला! ढोलकीवाला मित्र माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

पुढे कारण उमगले. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबाचे चढउतार. एका माईकवर चढ आणि त्याच क्षणी दुसऱ्यावर उतार आला, तर बेरीज शून्याकडे जाते. ढोलकीच्या एका तोंडावर थाप पडली की तिथले कातडे आत, म्हणजे आपल्या माईकपासून दूर जाते; कोंडलेली हवा दुसरे कातडे बाहेर, दुसऱ्या माईककडे ढकलते. एकाच थापेची दोन उलटी चित्रे! खर्जाचा घुमारा यातच बुडतो. एका माईकची ध्रुवता उलटी करताच माझी ढोलकी परत आली. मिक्सरवर यासाठी बहुधा शून्यावर तिरपी रेघ असलेली कळ असते.

पण प्रत्येक दुखण्याला हे औषध नाही. गायिकेच्या माईकमध्येही ढोलकी शिरली होती, तीही उशिरा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ३४ सेंटिमीटर जास्त अंतर म्हणजे एक सहस्रांश सेकंद उशीर. तेवढ्यात ५०० हर्ट्‌झच्या स्वराचे अर्धे आवर्तन होते, म्हणून तो खोडला जातो. १५०० आणि २५०० ची तीच गत. १००० आणि २००० मात्र फुगतात. कंगव्याच्या दातांसारख्या फटी पडतात म्हणा ना! येथे ध्रुवता उलटवली तर फटी केवळ जागा बदलतात. खरा उपाय अंतराचा. वाद्यापासून माईक एक वीत असेल, तर दुसरा माईक पहिल्यापासून निदान तीन विती दूर हवा. शिरकाव थांबत नाही, पण इतका क्षीण होतो की खोडाखोड जाणवत नाही.

आणखी एक. डावा-उजवा आवाज वेगवेगळ्या कर्ण्यांतून ऐकताना हा दोष लपतो. म्हणून दोन्ही बाजू एकत्र करून, एकाच कर्ण्यावर एकदा ऐकावे. माझी चोरी मित्राच्या जुन्या, एककर्णी मोबाईलनेच पकडली होती.