अक्षय ऊर्जा, पर्यावरण आणि सामाजिक न्याय

गुंतवणूक हा शब्द उच्चारला की बँकेतील ठेव किंवा जमिनीचा तुकडा आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु व्यक्तीप्रमाणे समाजही गुंतवणूक करीत असतो. शाळा, धरणे, रेल्वेमार्ग आणि वीज केंद्रे ही समाजाची गुंतवणूक होय, आणि तिचे बरेवाईट फळ पुढच्या पिढीलाच अधिक काळ भोगावे लागते. आज उभारलेले औष्णिक वीज केंद्र २५ ते ४० वर्षे चालते. या वर्षी पहिलीत प्रवेश घेतलेले मूल संसाराला लागेल, तेव्हाही ते धुराडे चालूच असेल. म्हणून विजेसाठी समाजाने पैसा कोठे लावावा, याचा विचार अर्थतज्ज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, शेण आणि जैविक कचरा यांपासून मिळणारी, वापरल्याने न संपणारी ऊर्जा म्हणजे अक्षय ऊर्जा. तिच्यातील गुंतवणुकीने पर्यावरणाचे कोणते हित साधते, आणि ते हित कोणाच्या वाट्याला येते, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

बाबासाहेब आणि विजेचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितली जात नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेविषयीच्या धोरण समितीपुढे त्यांनी आपली भूमिका मांडली. वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, त्यावाचून औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्याच्या फेऱ्यातून जनतेची सुटका नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. दामोदर खोरे आणि हिराकुड या प्रकल्पांची पायाभरणी याच कालखंडातील आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथील परिषदेत त्यांनी ओडिशाच्या पुरांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पुराचे पाणी हे केवळ संकट मानून समुद्रात घालवू नये, ते साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतुकीसाठी वापरावे, असे त्यांचे म्हणणे होते.

वीज ही चैनीची वस्तू नसून माणसाच्या मुक्तीचे साधन आहे, हा या कार्याचा बोध. वीज कोणासाठी, हा त्या काळचा प्रश्न होता. आज त्याला दुसरा प्रश्न जोडावा लागतो : वीज कशापासून, आणि कोणाच्या जिवावर?

एका युनिटचा हिशेब

आपल्या घरात दिवा लागतो तेव्हा धूर दिसत नाही, कारण धूर दुसऱ्याच्या गावात निघालेला असतो. औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करण्यासाठी साधारणतः ७०० ग्रॅम कोळसा जळतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते, म्हणजे त्यातून पाव किलोच्या आसपास राख उरते. सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शीतकरणासाठी पाणी लागते ते वेगळेच. जुन्या केंद्रांनी प्रतियुनिट साडेतीन लिटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये, अशी मर्यादा केंद्र शासनाने २०१५ मध्ये घातली. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडला, तर ७० किलो कोळसा, २५ किलो राख, एक क्विंटल कार्बन डायऑक्साइड आणि ३५० लिटरपर्यंत पाणी, एवढा भार ते कुटुंब नकळत निसर्गावर टाकत असते.

हा भार उचलतो कोण? चंद्रपूरचे वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. तेथील कोळसा खाणी, वीज केंद्र आणि कारखाने यांच्यामुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत केला. वीज तारांवरून दूरच्या शहरांत जाते, राख मात्र तेथेच राहते. २०१३ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. ज्या मराठवाड्यात माणसांना टँकरची वाट पाहावी लागते, तेथे वीजही पाण्याची वाटेकरी होते, हे त्या वर्षी साऱ्यांना कळून चुकले.

प्रदूषणाचाही एक सामाजिक भूगोल असतो. राखेच्या तलावाजवळ आणि कारखान्याच्या भिंतीलगत घर बांधण्याची हौस कोणालाच नसते. ज्यांना अन्यत्र जागा परवडत नाही, तेच तेथे राहतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

अक्षय ऊर्जेचे प्रत्यक्ष लाभ

पहिला लाभ हवेचा. सौर पट्ट्या आणि पवनचक्क्या चालताना धूर, राख वा गंधकाचे वायू सोडत नाहीत. त्या तयार करताना कारखान्यात ऊर्जा खर्च होते हे खरे. तोही हिशेब धरून आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाने २०१४ मध्ये जे आकडे दिले, त्यांनुसार प्रतियुनिट हरितगृह वायूंचे प्रमाण कोळशासाठी सुमारे ८२०, सौर विजेसाठी ५० च्या आत आणि पवन विजेसाठी सुमारे १२ ग्रॅम एवढे आहे. सौर पट्टी तयार करण्यास लागलेली ऊर्जा ती एकदोन वर्षांत परत देते आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ वीज देत राहते.

दुसरा लाभ पाण्याचा. सौर पट्ट्यांना धुण्यापुरते पाणी लागते, पवनचक्कीला तेवढेही लागत नाही. अवर्षणग्रस्त प्रदेशासाठी हा लाभ हवेपेक्षाही मोलाचा ठरावा.

तिसरा लाभ शेतीचा. कृषिपंपांना अनेक वर्षे पाळीपाळीने दिवसा व रात्री वीज मिळत आली. रात्रीच्या अंधारात, विंचूकाट्याच्या भयात पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याचे हाल आपण जाणतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचा आहे. तिचा विस्तार होईल तसतसा शेतीसाठी जळणारा कोळसाही कमी होईल.

चौथा लाभ स्वयंपाकघराचा. चुलीच्या धुराने आपल्या आयाबहिणींची छाती भरली आणि सरपणासाठी राने उजाड झाली. रोज ५० किलो शेण उपलब्ध असेल, तर दोन घनमीटरचे बायोगॅस संयंत्र चार-सहा माणसांच्या कुटुंबाचा स्वयंपाक भागवते आणि मागे उत्तम खतही उरते. निवासी शाळांच्या भटारखान्यातील उष्ट्या-खरकट्याचाही असा सदुपयोग होऊ शकतो.

इतिहासाचा इशारा

तथापि जे धूरमुक्त ते आपोआप न्याय्य, असे मानणे चूक ठरेल. महाराष्ट्राला अक्षय ऊर्जा नवी नाही. १९१५ मध्येच खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. पण त्याच मालिकेतील पुढच्या धरणाने मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह झाला, तरीही धरण झालेच. कोयनेने पुढे महाराष्ट्र उजळला, परंतु कोयनेच्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन अनेक दशके रेंगाळले.

आज सौर प्रकल्पांना जमीन हवी आहे. एक मेगावॅटसाठी साधारणतः चार ते पाच एकर लागतात, आणि त्यासाठी शासकीय व गायरान जमिनी दिल्या जात आहेत. कागदोपत्री ‘पडीक’ ठरलेल्या अशा जमिनींवर कितीतरी भूमिहीन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आली आहेत. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तुरुंगात गेले, ते याच जमिनीच्या हक्कासाठी. त्या जमिनीवरून भूमिहीनाला उठवून सौर पट्ट्या बसविल्या, तर हवा स्वच्छ होईल, व्यवहार मात्र मलिनच राहील. तसेच गवताळ माळरान हेही ओसाड नसते. माळढोकासारखे पक्षी आणि मेंढपाळांचे कळप त्यावर जगतात.

म्हणून गुंतवणुकीबरोबर काही अटी आल्या पाहिजेत. छपरे, कालव्यांचे काठ आणि वापरात नसलेल्या औद्योगिक जागा यांचा उपयोग प्रथम व्हावा. गायरान घ्यावयाचे झाल्यास ग्रामसभेचा निर्णय आणि कसणाऱ्याचा हक्क डावलला जाऊ नये. निकामी सौर पट्ट्यांची विल्हेवाट २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे व्हावी.

आपल्या हाती काय आहे?

देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मा वाटा २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. मात्र प्रत्यक्ष वीजनिर्मितीत कोळशाचेच प्राबल्य कायम आहे. वाट धरली आहे, परंतु पल्ला लांबचा आहे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी अनेकांनी स्वतःच्या कष्टाने पक्की घरे बांधली आहेत. त्या घरावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसविली, तर दिवसाला सरासरी १२ युनिट वीज मिळते आणि वर्षाकाठी सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत अशा घरगुती यंत्रणेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही, त्यांच्यासाठी विहारे, समाजमंदिरे आणि वसतिगृहे यांची छपरे सामूहिक गुंतवणुकीने उपयोगात आणता येतील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल वर्गात आणावयास सांगावे आणि वर दिलेला कोळसा, राख व पाण्याचा हिशेब त्यांच्याकडूनच मांडून घ्यावा. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र यांचा याहून चांगला एकत्रित पाठ आम्हांस सुचत नाही.

बाबासाहेबांनी विजेकडे दारिद्र्याच्या निर्मूलनाचे साधन म्हणून पाहिले. ती वीज धूर न ओकता आणि कोणाच्या पायाखालची जमीन न काढता प्रत्येक घरी पोहोचविणे, ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे. या शाळेतून शिकून बाहेर पडलेले अभियंते, शेतकरी, सरपंच आणि शिक्षक तिचा आपापला वाटा उचलतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.