जीभ बाहेर, तरी पळतोच आहे

प्रश्न : आमचा लॅब्रेडॉर दोन वर्षांचा, घरात क्षणभर टिकत नाही. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा त्याला मोटरसायकलमागे पळवतो. धापा टाकतो पण थांबत नाही, म्हणजे झेपतंय ना? केस बारीक कापावेत का? मे महिन्यात पाटणादेवीला रेल्वेने नेता येईल?
– एक वाचक, बोदवड

उत्तर : थांबत नाही म्हणजे झेपतंय, असं नाही. तुमची साथ सुटू नये म्हणून तो कोसळेपर्यंत पळेल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापेवरच तो अंग थंड करतो, आणि आपल्याकडे 44-45 अंशांत ती हवाही तापलेलीच. तेव्हा मोटरसायकल आधी बंद. उजाडताना पट्टा लावून फिरवा. कपाशीवर नुकती फवारणी झालेल्या शेतात नको, तो पाय चाटतो. लाळ घट्ट झाली, चाल अडखळली तर सावलीत साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. केस कापू नका, ते ऊन अडवतात. नियमित विंचरा.

पाटणादेवी गौताळा अभयारण्यात आहे. वन्यप्राण्यांना कुत्र्याचे आजार लागू शकतात, शिवाय तिथे बिबट्याचा वावर. ती सहल त्याच्याविना करा. त्याला हिवाळ्यात चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमाकाठी न्या. रेल्वेत स्लीपर वा थ्री-टियरमध्ये कुत्रा चालत नाही. फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. उन्हाळ्यात ती पेटी मला तरी पटत नाही. रेबीज लसीचं कार्ड मात्र सोबत असू द्या.