जड फोटो हलका कसा करावा?

मुलांनो, मागच्या वर्षीची गोष्ट. पाचवीतल्या एका मुलीचा परीक्षेचा अर्ज संगणकावर भरायचा होता आणि तो शेवटचा दिवस होता. नाव, गाव, जन्मतारीख सारे बिनचूक भरले. मोबाइलवर काढलेला फोटो लावायला गेलो, तर पडद्यावर अक्षरे उमटली, 'फोटो ५० केबीपेक्षा मोठा आहे.' आता काय करावे?

घाईघाईत मी फोटो इतका लहान केला, की रुंदीला ६० ठिपकेच उरले. मग फार बारीक दिसतो म्हणून तोच ताणून मोठा केला. ती मुलगी शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, "गुरुजी, ही मी नाही वाटत!" खरेच होते ते. चेहरा पार पुसला गेला होता आणि परीक्षेला तर त्याच फोटोवरून तिला ओळखणार होते! माझे काय चुकले, तेच आज सांगतो.

फोटो म्हणजे ठिपके

दिवाळीत तुम्ही ठिपक्यांची रांगोळी काढता ना? मोबाइलचा फोटोही ठिपक्यांचाच असतो. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आमच्या फोटोत आडवे ३००० आणि उभे ४००० ठिपके होते. करा बरे गुणाकार! झाले १ कोटी २० लाख. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा किती, हे लिहायला साधारण ३ बाइट लागतात. म्हणजे सगळे मिळून ३ कोटी ६० लाख बाइट!

एवढे ओझे नको म्हणून फोन फोटो दाबून ठेवतो. त्यासाठी बहुधा जेपीईजी ही पद्धत वापरतात. तिचे नियम १९९२ साली ठरले. ही पद्धत फोटोचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते. आपल्या डोळ्यांना उजेड-सावली चटकन कळते, पण रंगातला बारीक फरक तितकासा कळत नाही. असे न कळणारे फरक ती सोडून देते. म्हणून आमचा फोटो ४ एमबीत, म्हणजे सुमारे ४००० केबीत मावला होता. पण ५० केबीच्या पिशवीत ४००० केबी कसे भरणार?

काय करावे?

१. आधी मूळ फोटोची नक्कल करा. मूळ फोटोला हात लावू नका.

२. नको असलेला भाग कातरा. अर्जाला चेहरा हवा, मागची भिंत कशाला?

३. ठिपके कमी करा. समजा, ३००० × ४००० चा फोटो ३०० × ४०० केला. रुंदी दहावा भाग, उंची दहावा भाग, पण ठिपके किती उरले? १ लाख २० हजार, म्हणजे शंभरावा भाग! ४००० केबीचा शंभरावा भाग ४०. प्रत्यक्षात थोडे मागेपुढे होईल, पण अंदाज येतो.

४. तरीही जड वाटला, तर 'क्वालिटी'चा आकडा १०० वरून ८० वर, मग ७० वर आणा. फार खाली नेलात, तर चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसू लागतात.

हे विसरू नका

फाइलचे नुसते नाव बदलून ती हलकी होत नाही. पोत्यावर 'पिशवी' लिहिले म्हणून धान्य कमी होते का? जेपीईजी फोटो बदलून पुन्हा पुन्हा साठवला, तर दरवेळी थोडा बिघडतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : गेलेले ठिपके ताणून परत येत नाहीत. संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. माझी चूक नेमकी हीच होती.

सुदैवाने मूळ फोटो फोनमध्ये शाबूत होता. त्यावरून पुन्हा नक्कल केली, कातरली, ३०० × ४०० ची केली. फोटो भरला ४२ केबी. मुलीने निरखून पाहिले, मान डोलावली, आणि मगच मी अर्ज पाठवला.

करून पाहा : चौकटीच्या वहीत १६ × १६ घरे रंगवून आंब्याचे चित्र काढा. मग तेच चित्र ८ × ८ घरांत काढा. किती घरे कमी झाली? आंबा अजून ओळखू येतो का? मग ४ × ४ घरांत काढा आणि शेजाऱ्याला विचारा, "हे काय आहे?"